एक घटिका डोळे मिटून

शाल्मलीनगरात सुमंगल नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाचा जन्म घटिका राखणाऱ्यांच्या घरात झाला. त्याचे नाव सोमिल. काम साधे होते. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. भोकातून पाणी शिरत शिरत वाटी भरली आणि बुडाली की एक घटिका झाली. मग काशाच्या थाळीवर टोल द्यायचा, की नगराला वेळ कळे. वाटी पाण्यात असेपर्यंत राखणाऱ्याने तिच्यावरची नजर काढायची नाही, हा पिढ्यांचा नियम. आणि वेळेत लबाडी केली तर टोल देणारा हात तोडायचा, हाही नियमच.

राजा सुमंगल तसा वाईट नव्हता. त्याला दोनच नाद होते, जेवणाचा आणि पंडितांचा. जेवणाने त्याचे काही बिघडले नव्हते.

दरबारात दोन आचार्य होते. धूमकेश म्हणत, हे जग मुळी नाहीच, आपण पाहतो म्हणून ते दिसते. अग्रशर्मा म्हणत, जग आहे, कुणी पाहो की न पाहो. सहा महिने दोघे भांडत होते आणि सहा महिने राजा मान डोलवत होता. सकाळी धूमकेशांचे पटे, दुपारी अग्रशर्म्यांचे. त्यात एक मोठी सोय होती. कुठलेही अवघड काम समोर आले की राजा म्हणे, "आधी ते आहे की नाही, हे तर ठरू द्या."

त्याच सुमारास उदुंबर गावावर टोळधाड आली. उभे पीक एका दुपारी फस्त झाले. गावची साठ माणसे तीन दिवस चालून नगराच्या वेशीशी येऊन बसली. अशा वेळी राजाने आपले धान्याचे कोठार उघडावे, अशी त्या राज्याची रीत होती. धूमकेश म्हणाले, "महाराज, टोळच नाहीत तर त्यांनी खाल्ले काय? पीकच नाही तर गेले काय? जी भूक नाही तिच्यासाठी कोठार कशाला?" अग्रशर्म्यांना हे कुठे सहन व्हायला. ते उठले, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कोठाराला कुलूप तसेच राहिले.

चार दिवस गेले. वेशीवरची माणसे झाडाचा पाला उकडून खात होती. त्यांच्यात रेविका नावाची एक म्हातारी होती. सोमिल कामावर जाताना तिने त्याला हाक मारली.

"लेकरा, तू वाड्यात जातोस ना? ठरलं का रे त्यांचं, आम्ही आहोत की नाही?"

"अजून नाही, आजी."

"मग जरा लवकर ठरवा म्हणावं. फार उशीर केला तर नाही असंच ठरेल." तिने पदराची गाठ सोडली. आत ज्वारीचे चार दाणे होते, टोळांनी ठेवले तेवढे. त्यातला एक तिने सोमिलच्या हातावर ठेवला. "हा राजाला दाखव. दिसतो का विचार."

सोमिलला फार वाईट वाटले. चौथ्या दिवशीही या बाईने आपले बियाणे खाल्ले नव्हते. त्याने दाणा मुठीत धरला आणि तो वाड्यात गेला.

आत नवेच काही शिजत होते. राजाने वाद कायमचा मिटवायचे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी एक घटिका साऱ्या नगराने डोळे मिटायचे. कुणीच पाहत नसताना जग राहते की जाते, त्याचा निकाल लागेल. राहिले तर कोठार उघडायचे. गेले तर वेशीवरच्या लोकांना परत पाठवायचे. "पण महाराज, सगळ्यांचेच डोळे मिटलेले असले तर पाहणार कोण?" असे म्हाताऱ्या सेनापतीने विचारले. मग धूमकेशांना आठवले की घटिका राखणाऱ्याला नजर काढता येत नाही, त्याचे डोळे उघडेच राहणार. तो फक्त वाटीकडे पाहील. टोल देण्याआधी त्याने एकदा मान वर करावी आणि जग आहे की नाही ते सांगावे. सर्वांनी वाहवा केली. त्याने मान वर करून पाहिले म्हणजे जग पाहिले गेलेच की, हे कुणाच्या डोक्यात आले नाही. विद्वानांची सभा होती.

संध्याकाळी धूमकेश सोमिलच्या घरी आले. "काही दिसले नाही, एवढेच म्हण. उदुंबर गावची सगळी जमीन तुझ्या नावे करून देतो." ते गेले आणि अग्रशर्मा आले. "दिसले म्हण. तुला मुख्य घटिकापाल करतो, डोक्यावर छत्र." सोमिलने विचारले, "आचार्य, दिसले म्हटले तर त्या लोकांना धान्य मिळेल ना?"

"कुठल्या लोकांना?" अग्रशर्मा म्हणाले. त्यांना खरेच आठवत नव्हते.

तेव्हा बोधिसत्त्वाच्या मनात आले, या दोघांपैकी कुणीही जिंकला तरी उद्या नवा वाद निघेल, आणि कोठाराला कुलूप राहीलच. त्याने जमीनही नको म्हटली आणि छत्रही.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. बाजार थांबला. पहारेकऱ्यांनी भाले टेकून डोळे मिटले, आचाऱ्यांनी चुलीपुढे मिटले, वेशीवरच्या भुकेल्यांनीही मिटले, कारण हुकूम सर्वांना होता. राजाने सिंहासनावर बसून डोळे घट्ट आवळले. सोमिलने वाटी हातात घेतली, रेविकेचा दाणा तिच्या भोकात बसवला आणि ती पाण्यात सोडली.

वाटी तरंगत राहिली.

पहिली घटिका बरी गेली. जग राहते की जाते म्हणून लोक कान देऊन बसले होते. दुसरीत कुजबूज सुरू झाली. अग्रशर्मा म्हणाले, "महाराज, धूमकेश डोळे किलकिले करून पाहत आहेत."

"तुम्हाला कसे कळले?" राजाने विचारले.

अग्रशर्म्यांनी घाईघाईने डोळे घट्ट मिटले.

दारावरचे पहारेकरी डोळे मिटून उभे, तेव्हा देवळाचा पोळ, मोकाट सोडलेला बैल, सरळ दरबारात शिरला. त्याने इकडेतिकडे हुंगले आणि धूमकेशांच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला घेतला.

"कुणीतरी माझा हार खात आहे," धूमकेश कापऱ्या आवाजात म्हणाले.

"छे, छे. कुणीही पाहत नाही आहे, आचार्य," अग्रशर्मा मोठ्या समाधानाने म्हणाले. "तेव्हा तुमच्याच मताने तिथे कुणी नाही."

"ओले आहे. आणि चाटते आहे."

"भास असेल. दुर्लक्ष करा."

पोळाने हार संपवला आणि उपरण्याला सुरुवात केली. धूमकेशांची पाचावर धारण बसली, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. सहा महिन्यांचा वाद होता, उपरण्यासाठी कोण हरेल?

तिसरी घटिका उलटली. आता मुदपाकखान्यातून वास येऊ लागला. आधी तुपात परतलेल्या जिऱ्याचा आला, मग भाताचा, मग करपलेल्या भाताचा. आचाऱ्यांना पातेले दिसत नव्हते आणि उतरवायला कुणी धजत नव्हते. राजाची जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले, ते साऱ्या सभेला ऐकू गेले.

"सोमिल," राजा म्हणाला, "वाटी बुडाली का?"

"नाही, महाराज."

"आज एवढा वेळ का लागतो आहे?"

"वाटीच्या भोकात ज्वारीचा दाणा अडकला आहे."

"मग काढ तो."

"काढतो, महाराज. पण दाणा आहे की नाही, हे आचार्यांचं अजून ठरायचं आहे."

"आचार्य गेले खड्ड्यात," राजा म्हणाला. "आहे, मी सांगतो ना. माझा जीव चालला आहे भुकेने, आणि तू मला आहे-नाही काय ऐकवतोस?"

सोमिल शांतपणे म्हणाला, "महाराज, वेशीवरची माणसं पाच दिवस हेच म्हणत आहेत. शब्दसुद्धा हेच आहेत."

पोळाच्या चावण्याचा तेवढा आवाज येत होता.

"दाणा मी लावला," सोमिल पुढे म्हणाला. "मुद्दाम लावला. जेवायची वेळ टळली की काय होतं, ते आपल्याला एकदा कळावं म्हणून. वेळेत लबाडी केली, तर नियमाप्रमाणे हा माझा हात." त्याने उजवा हात पुढे केला. राजाचे डोळे मिटलेलेच होते, पण हात त्याने पुढे केलाच.

साऱ्या नगरात चोरून नव्हे तर सरळ डोळे पहिल्यांदा उघडले ते राजाने. त्याने पुढे केलेला हात पाहिला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. "हा हात तोडला तर उद्या मला जेवायची वेळ कोण सांगेल?" एवढेच तो पुटपुटला. मग कोठाराची किल्ली त्याने कमरेची ओढून काढली आणि मुदपाकखान्यातली भाताचे पातेले, करपले होते तसेच, स्वतः उचलून तो वेशीकडे चालू लागला.

वेशीवर साठ माणसे रांगेने डोळे मिटून बसली होती. राजाने रांगेत पहिल्याच बसलेल्या रेविकेच्या ओंजळीत भात वाढला. ती चाचपून म्हणाली, "गरम आहे." पण तिने खाल्ला नाही.

"खा ना, आई," राजा म्हणाला.

"टोल झाला नाही अजून, बाबा. डोळे मिटून बसायचा हुकूम आहे. मधेच काही केलं आणि राजाचं जग गेलं, तर पुन्हा आमच्याच नावानं ओरडतील."

राजाला रडू आवरले नाही. तो म्हणाला, "उघड डोळे. माझंच चुकलं."

त्या दिवशी साठ माणसे जेवली, आणि पुढच्या पिकापर्यंत पुरेल एवढे धान्य बैलगाड्यांतून उदुंबरला गेले. राजाने सोमिलला विचारले, "मग जग खरे आहे की नाही?" बोधिसत्त्व म्हणाला, "ते मला ठाऊक नाही, महाराज. डोळे मिटले तरी भूक जात नाही, एवढं आज सगळ्यांना कळलं. आधी वाढावं. वाद जेवणानंतरही करता येतो."

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्याने, म्हणजे आता बुद्धत्व पावलेल्या बोधिसत्त्वाने, विहारातल्या भिक्षूंकडे पाहिले आणि जन्मांचा मेळ घालून दिला. तेव्हाचा राजा सुमंगल आता स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, पिंगल झाला होता. रेविका म्हणजे आज सकाळी आजारी भिक्षूसाठी पेज घेऊन आलेली उपासिका कनका. धूमकेश आणि अग्रशर्मा म्हणजे भिक्षू धम्मिल आणि भिक्षू सुलक, ज्यांनी ती पेज दारातच धरून ठेवून ज्वर खरा की भास यावर वाद घातला. आणि घटिका राखणारा सोमिल मी स्वतः. त्या जन्मी मी जो धर्म पाळला तो करुणेचा, असे शास्ता म्हणाला.

धम्मिल आणि सुलक मान खाली घालून उठले आणि पेज गरम करायला गेले.