खुर्ची माहेरी जाते

एका गावात एक भोळा रंगारी होता. नाव सोपान. कामाला वाघ, पण बायकोजवळ बसून दोन शब्द बोलेल तर शपथ! जेवला की भिंतीकडं तोंड करून आडवा. त्याची बायको मालन बिचारी किती दिवस त्याची पाठ बघणार?

एक दिवस ती म्हणाली, "अहो, दिवसभर भिंतीच बघता, रात्री तरी माझ्याकडं बघा. तालुक्याला बोलायच्या डॉक्टरीणबाई आहेत. नवराबायकोचं जुळवून देतात. त्यांच्याकडं जा, नाहीतर मी चालले माहेरी."

सोपान घाबरला. गेला.

बाई म्हणाल्या, "बायको काही सांगत असली की मध्ये पडू नका. शांत बसून ऐका. म्हणा, तुला काय वाटत असेल ते मला कळतंय."

"बरं," सोपान म्हणाला.

सकाळी मालन मोरीतून ओरडली, "अहो, दूध उतू चाललंय, गॅस बंद करा!"

सोपान शेगडीसमोर शांत बसला. दूध ओट्यावरून खाली आलं. तो मायेनं म्हणाला, "मालन, तुला काय वाटत असेल ते मला कळतंय."

काय वाटतंय ते मालननं सांगितलं. ते अख्ख्या आळीनं ऐकलं.

सोपाननं जाऊन सगळं सांगितलं, तशी बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बायकोनं हाक मारली की हातातलं सोडून धावायचं!"

"असं होय! बरं."

रविवारी सासरे आले. घराचा पत्रा ठोकायला शिडीवर चढले. शिडी सोपाननं धरली. तेवढ्यात आतून मालनची हाक आली, "अहो, चहा झालाय!" सोपाननं हातातलं सोडलं आणि धावला. शिडी आडवी. सासरे पत्र्याला लोंबकळतायत, आणि हा आत बशीत चहा ओततोय.

मालन पिशवी भरायला लागली.

सोपान पुन्हा तालुक्याला पळाला. आता बाईंनी एक रिकामी खुर्ची समोर ठेवली. "ही मालन आहे असं समजा. मनातलं सगळं हिला सांगा."

सोपाननं खुर्चीकडं बघितलं. "मालन, तू नसलीस की घर चुना मारून ठेवल्यासारखं कोरं वाटतं गं. तू झोपलीस की मी भिंतीकडून वळतो. तुझ्याकडं बघत पडतो. जागेपणी लाज वाटते."

बाईंचे डोळे भरून आले. "हेच! अगदी हेच, असंच घरी जाऊन बोला."

सोपाननं खुर्ची डोक्यावर घेतली आणि घर गाठलं. मालन पिशवी घेऊन दारातच उभी. "जरा सरक," तो म्हणाला, "मला बायकोशी बोलायचंय." खुर्ची मांडली आणि सगळं तिला पुन्हा सांगितलं. चुना, भिंत, लाज, सगळं.

मालनच्या हातातली पिशवी गळाली. पदरानं डोळे पुसत ती खुर्चीत टेकली.

"अगं ए, ऊठ! तिथं मालन बसलीय!"

मालनला हसावं की रडावं कळेना. "असं का? मग तिलाच सोडून या माहेरी. एका घरात दोघी नाही नांदायच्या!"

"बरं," सोपान म्हणाला.

एसटीत त्यानं दोन तिकिटं काढली. खुर्चीला खिडकी दिली. दिवेलागणीला सासऱ्यांच्या दारात उतरवली. सासरे पायाला फडकं बांधून बसले होते. "जावईबापू, हे काय?"

सोपान हळूच म्हणाला, "मामा, मालनला चार दिवस ठेवून घ्या. आमच्या घरात एक बाई आहे, ती हिला नांदू देत नाही."