जशी दिली तशी

इचलकरंजीत रंगराव भिवटे यांची माडीवरची खोली यमुना कोष्टी सोडून निघाली, तेव्हा मालकांना भिंतीत चार खिळे दिसले. नवा भाडेकरू म्हाताऱ्या आईला घेऊन जिन्याखाली उभाच होता. त्याच्यावरही वचक बसावा म्हणून रंगरावांनी आवाज चढवला.

"करारात काय लिहिलंय? खोली जशी दिली तशी परत करायची! भिंतीची चाळण केलीत, आता डिपॉझिट विसरा."

"बरोबर आहे, मालक," यमुना म्हणाली. तिने पिशवीतून पाना काढला आणि जिन्याच्या लोखंडी कठड्याचे नट सैल करायला बसली.

"अहो, हे काय आरंभलंय?"

"तुम्ही खोली दिलीत तेव्हा इथे कठडा नव्हता. हा मी माझ्या पैशानं बसवला. जशी दिली तशी घ्या."

"वेड लागलं का तुम्हाला? कठड्याशिवाय माणूस पडून मरेल!"

यमुनाचा हात थांबला. "हेच तीन वर्षं तुम्हाला सांगत होते मी. तुम्ही म्हणायचात, धडधाकट माणसाला कठडा कशाला लागतो? मग माझा नवरा ह्याच जिन्यावरून पडून गेला."

खाली नव्या भाडेकरूनं आईचा हात घट्ट धरला. रंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डिपॉझिट काढून दिलं.

यमुनानं सगळे नट पुन्हा आवळले आणि पिशवी उचलली.

"कठडा राहू दे, त्या आजींसाठी. नुसते तुम्हीच चढणार असतात, तर काढून नेला असता."