कातळाखालचं पाणी

फार मागे, सह्याद्रीच्या एका रानात जांभळाचं झाड होतं. पाऊस भरपूर, म्हणून त्याची मुळं वरच्या मातीतच ऐसपैस पसरलेली. पण हळूहळू ऋतू बदलले. पाऊस उशिरा यायचा, धो धो कोसळून लगेच निघून जायचा, आणि माघातच जमीन तडकायची.

थोरल्या मुळाला हे आधी जाणवलं. ते पानांना म्हणालं, "पोरांनो, यंदा पालवी जरा कमी फोडा. तुमच्यातला घास मला द्या. मला खाली जायचंय."

"खाली नुसता कातळ आहे!" पानं सळसळली. "आणि शेजारची झाडं आपल्याला बोडकं म्हणतील, त्याचं काय?"

"बोडकं परवडलं रे, वठलेलं नको."

कुरकुरत का होईना, पानांनी घास दिला. मूळ कातळावर आपटलं, टोक सोलवटलं. चाचपडता चाचपडता त्याला केसाएवढी फट सापडली. तीत ते शिरलं आणि उन्हाळ्यामागून उन्हाळे खाली सरकत राहिलं. वर शेजारी विरळ जांभळाची टिंगल करत होते.

मग एका साली पाऊस फिरकलाच नाही. झाडं करपू लागली, जांभळाच्या पानांनीही माना टाकल्या. तेवढ्यात मुळाच्या टोकाला गारवा लागला.

"पाणी! पोरांनो, पाणी!"

भर वैशाखात जांभूळ काळ्याभोर घोसांनी लगडलं. शेजाऱ्यांची सुकलेली मुळं ओशाळून जवळ आली. "आम्हाला जमेल का रे?"

थोरलं मूळ हसलं. "न जमायला काय झालं? फट आता चांगली रुंद झालीय. या माझ्या मागोमाग!"