गोठत्या नदीवरचं भगदाड

“बर्फानं मला पेललं, मग ताईला का नाही पेललं?”

तरुण मॅमथनं हे कळपातल्या प्रत्येकाला विचारलं. कुणी सोंड खाली घातली, कुणी दुसरीकडे पाहिलं.

ही गोष्ट फार फार जुनी आहे. पृथ्वीवर तेव्हा बर्फाचं राज्य होतं, आणि अंगभर लोकर असलेले हे थोराड हत्ती गवताच्या शोधात रानोमाळ हिंडत. अशाच एका कळपानं गोठलेली नदी ओलांडली. सगळ्यांत शेवटी हा आणि त्याची ताई. हा पार झाला. त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवत ताई आली, आणि काठ हाकेवर असताना बर्फाला भगदाड पडलं. नदीनं तिला पोटात घेतलं.

पाणी लगेच गोठू लागलं. भाऊ धावला, पाय आपटून बर्फ फोडू लागला.

“वाट बंद झाली, तर ती वर येणार कशी?”

तेव्हापासून तो तिथून हलेना. बर्फ धरला की फोडायचा, पुन्हा धरला की पुन्हा फोडायचा. तळपायांना चिरा पडल्या, तरी थांबेना.

कळपाची एक रीत होती. एक जण जरी मागे असला, तरी बाकीच्यांनी पाऊल उचलायचं नाही. म्हणून सगळे काठावर खोळंबले. सुळ्यांनी बर्फ उकरून मिळालं तेवढं गवत संपलं. मग वाळकी झुडपं चघळणं आलं.

कळपाची म्होरकी त्याच्याजवळ आली. “चल रे पोरा. टेकडीपलीकडे गवत आहे.”

“तुम्ही जा. मी ताईला घेऊन येतो.”

“तुला टाकून कशी जाऊ?”

“तिला टाकून जायला बरे तयार झालात!”

म्होरकी रागावली नाही. वारा होता त्या बाजूला, त्याला आडोसा होईल अशी उभी राहिली.

ताईची तान्ही लेक कळपाबरोबर आधीच पार झाली होती; ती आता आईविना उरली. दुसऱ्या आया तिला पाजत, पण गवताविना त्यांचंही दूध आटलं. एका सकाळी ती धडपडत मामाकडे आली. तिनं वास घेतला. वास अगदी आईसारखा! ती थेट त्याच्या पोटाखाली शिरली आणि ढुशा देऊ लागली.

“अगं ए, गुदगुल्या होतात! मी मामा आहे तुझा. मामाकडे कुठलं आलंय दूध?”

“मग कुणाकडे आहे?”

मामाचं हसू तिथंच विरलं. त्यानं तिच्या पाठीवरून सोंड फिरवली. लोकरीखाली नुसत्या बरगड्या लागल्या.

“टेकडीपलीकडे आहे,” तो म्हणाला. “चल, आत्ताच्या आत्ता!”

भाचीला पोटाशी धरून तो निघाला. कळप त्याच्या मागे हलला. टेकडीपलीकडे गवत मिळालं, आयांना दूध उतरलं, आणि ती चिमुरडी पिता पिता उभ्यानंच झोपी गेली.

निघण्याआधी मात्र तो क्षणभर थांबला होता. भगदाडावर बर्फाची साय धरत होती. सवयीनं त्याचा पाय उचलला गेला. तो त्यानं हळूच खाली ठेवला आणि पाणी गोठू दिलं. ताईवर बर्फाचं पांघरूण पडू देणं, हे त्यानं तिच्यासाठी केलेलं शेवटचं काम.

जो गेला त्याच्यावरची माया, त्यानं मागे ठेवलेल्यांना द्यावी.