चित्रावरून वसलेलं गाव

आमच्या कुसूरमाळात शिरताना रस्ता एका चिंचेला वळसा घालून येतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. पुढं प्रत्येक घरापुढं निराळं झाड दिसेल. कुठं बकुळ, कुठं रिठा, कुठं रामफळ. ही झाडं आपोआप आलेली नाहीत. जुनं गाव खाली, त्या धरणाच्या पाण्यात आहे.

इंग्रजी अमलात धरणाची भिंत चढू लागली, तेव्हा खोऱ्याचं चित्र काढायला सरकारनं अनाजी चितारी नावाचा माणूस धाडला. डोंगर, नदी, आभाळ रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. साहेबानं त्याला बजावलं, "झोपड्या नकोत. त्यांनी शोभा जाते."

अनाजीनं तसं चित्र काढून दिलं. तो सामान आवरत होता, तेव्हा गावातल्या येसाई नावाच्या म्हातारीनं त्याला अडवलं.

"चितारबुवा, आमचं गाव कुठं हाय ह्यात?"

अनाजीनं नोकरी सोडली आणि ग्रामदेवीपुढं शब्द दिला, की सगळं गाव चित्रात आल्याशिवाय मी इथून हलणार नाही. टेकडीवर बसून तो मोठ्या कापडावर एकेक घर, एकेक झाड रंगवू लागला. पाणी चढत होतं. लोक बाडबिस्तरा घेऊन वर ह्या माळावर आले, तरी तो बसूनच. देवळाचा कळस तेवढा पाण्यावर उरला, तेव्हा त्यानं कुंचला धुतला, असं सांगतात.

माळावर मात्र जागांवरून तंटा पेटला होता. भाऊ भावावर काठी उगारत होता. अनाजीनं टेकडीवरून येऊन मधोमध कापड पसरलं, तसा गलका थांबला. जो तो वाकून आपलं दार शोधू लागला.

"ही आमची चिंच!" म्हणत एक दांडगा गडी रडायलाच लागला.

मग चित्रात होतं तसंच गाव मांडलं. ज्याच्या दारी जे झाड होतं, त्याचंच रोप त्याच्या दारी लावलं.

येसाईनं पुन्हा विचारलं, "बुवा, तुमचं घर कुठं हाय ह्यात?"

"मी तर बघणारा, आई. मी चित्रात कसा असेन?"

"मग आता या," म्हणत तिनं आपलं अर्धं अंगण त्याला दिलं. तिथं आंबा लावून अनाजी अखेरपर्यंत राहिला.

कापड पुढं वाळवीनं खाल्लं. तोवर गाव डवरलं होतं. आजही बाहेरचं कुणी इथं राहायला आलं, की गावकरी त्याला पहिला प्रश्न करतात, "तुमच्या दारात कोणतं झाड होतं?" आणि पाया खणण्याआधी ते रोप लावून देतात.