दोन ठोक्यांमधले शब्द

एका तळ्याकाठच्या गावात सटवाजी नावाचा एक दवंडीवाला होता. आवाज खणखणीत. तो वेशीपाशी ओरडला, की ओढ्यापलीकडची म्हैस रवंथ थांबवायची.

त्या गावची एक जुनी रीत होती. सटवाजीने हलगीवर एक ठोका दिला, की राजाचे शब्द सुरू. दुसरा ठोका पडला, की राजाचे शब्द संपले. त्यापुढे दवंडीवाल्याने हवे ते बोलावे. पण दुसरा ठोका पडताच लोक आपापल्या वाटेला लागत. सटवाजीचे ऐकायला थांबतो कोण? हे त्याच्या मनाला फार लागे.

म्हणून त्याने एक युक्ती केली. आपले चार शब्द तो दुसऱ्या ठोक्याच्या आधीच सरकवू लागला. आधी राजाची थोडी स्तुती. मग एकदा, "सटवाजीच्या दारात गुरं बांधू नयेत." लोकांनी मुकाट्याने गुरे सोडून नेली! स्वारी मनातून फुगली. फुकटचे राज्य कोणाला आवडत नाही?

एके वर्षी तळे काठोकाठ भरले. राजाने हुकूम दिला, "आज दुपारी तळ्याचं दार उघडणार. ओढ्याकाठच्यांनी त्याआधी सामान हलवावं."

सटवाजी हलगी घेऊन ओढ्याकाठी गेला. तिथे म्हातारी चिमाक्का कुंभारीण मडकी रचत होती. मडकी कच्ची, अजून भाजायची होती. घरात ती एकटीच राबणारी. राजाचे शब्द ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. सटवाजीला दया आली आणि ठोका द्यायच्या आधीच तो बोलून गेला, "पण घाई नको. पाणी इथवर यायला संध्याकाळ होते." मग त्याने ठोका दिला.

राजाच घाई नको म्हणतो, तर धावपळ कशाला? चिमाक्का सावकाश एकेक मडके उचलू लागली. पाणी दुपारीच आले. कच्च्या मडक्यांचा चिखल झाला.

वर प्रधानाने तिलाच दरबारात उभे केले. "हिनं हुकूम मोडला, महाराज. तळ्याची माती उचलायचा हिचा हक्क काढून घ्यावा." माती गेली म्हणजे पोटच गेले.

चिमाक्का हात जोडून म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत की घाई नको. दोन ठोक्यांच्या मधी ऐकलं मी."

राजा संतापला. "मी असं म्हणालोच नाही. माझ्या नावावर खोटं बोलतेस?"

सटवाजी खांबाआड उभा होता. तो गप्प राहिला असता, तर कोणाला काय कळणार होते? पण त्याला म्हातारीकडे बघवेना. तो पुढे आला. हलगीवर ठोका दिला, राजाचा हुकूम जसाच्या तसा म्हटला आणि दुसरा ठोका दिला.

"एवढंच तुमचं, महाराज. घाई नको हे माझं. आक्कांची चूक नाही, माझी आहे."

राजा म्हणाला, "उद्या याचीच दवंडी दे. तूच दे."

सकाळी सगळा गाव चावडीपुढे जमला. लोक कुजबुजत होते, हा आता आपल्यापुरते गोड करून सांगणार. ठोका पडला.

"सटवाजीनं स्वतःचे शब्द माझ्या तोंडी घातले. त्यामुळे चिमाक्काची मडकी बुडाली. ती निर्दोष आहे. सटवाजी दोषी आहे."

दुसरा ठोका पडला. राजाचे शब्द संपले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी जागचे हलले नाही.

सटवाजीचा खणखणीत आवाज जरा कापला. "आता हे माझं. महाराज म्हणाले ते खरं आहे. आक्का, नवी मडकी होईपर्यंत तुमची माती मी तुडवीन."

त्याने हलगी चावडीच्या खुंटीला टांगली आणि तो कुंभारवाड्याकडे चालू लागला.

तात्पर्य: दुसऱ्याचे शब्द जिथे संपतात, तिथे थांबावे आणि आपले शब्द आपल्याच नावाने बोलावेत. खरे असले, की लोक तेही थांबून ऐकतात.