टाचेमागून आलेली नदी

हं, आधी पाय पांघरुणात घ्या. शरू, तू भिंतीकडे तोंड कर नाहीतर माझ्याकडे, पण मधेच उठून पाणी मागायचं नाही. आज गोष्टच पाण्याची आहे.

एकदा काय झालं, एक होतं खंड. खंड म्हणजे केवढं? चारी बाजूंना समुद्र, आणि मधे चालता चालता माणूस म्हातारा होईल एवढी जमीन. त्या जमिनीच्या मधोमध एक पर्वत आडवा पडलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. समुद्रावरून ढग यायचे. ढग म्हणजे भरल्या घागरी डोक्यावर घेतलेल्या बायकाच. एवढा चढ चढवतोय कुणाला? मग ते अलीकडेच सगळं पाणी ओतून मोकळे व्हायचे. म्हणून अलीकडे भात, केळी, गाईम्हशी. आणि पलीकडे नुसती वाळू. माणसं मात्र दोन्हीकडे होती, बरं का.

त्या वाळूत एक गाव होतं. गावाला एकच विहीर. म्हणून पाण्याला तिथे देव मानायचे. पाणी बसून प्यायचं, ओंजळीने प्यायचं, आणि त्याला पाय म्हणून लावायचा नाही. चुकून कुणाचा पाय लागला, की ते पाणी बाटलं. मग तहानेने जीव गेला तरी ते कुणी पीत नसे. तोंडं वाकडी करू नका, त्यांच्याकडे तसंच होतं.

मग एका वर्षी विहीर आटली. तळाला चिखल तेवढा उरला. गावात साळू नावाची एक बाई होती. तिची लेक तुळसा तापाने फणफणलेली. साळूने तिच्या ओठांना ओला फडका लावला, तर पोर फडकाच चोखायला लागली. तिने लेकीला सासूच्या मांडीवर दिलं. सासू ठकूबाई, गावातली सगळ्यांत कडक बाई. पाय लागला म्हणून भरलेला रांजण तिने एकदा वाळूत ओतायला लावला होता.

"आत्याबाई, मी पर्वताकडे जाते," साळू म्हणाली. "त्याला सांगते, बाजूला हो, ढग येऊ देत."

"जा. पण लवकर ये. पोरीत आता काही राहिलं नाही."

मग साळू निघाली. आधी लागली वाळू. वाळू गोड बोलायला लागली, "दमलीस गं, बस जरा." साळू बसली नाही. बसलेल्यांची हाडं तिला वाटेत दिसत होती. मग लागला चढ. तिथे मेंढ्या राखणारी माणसं भेटली. त्यांनी तिला एक घोंगडी दिली आणि सांगितलं, "हळू चढ बाई, इथे श्वास पुरत नाही." पण हळू कशी चढणार? पोरीचा जीव टांगणीला. तिच्या नाकातून रक्त आलं, ते तिने पदराला पुसलं आणि चढत राहिली. आणि मग लागलं बर्फ. तिथे पर्वताचं डोकं.

"बाबा, बाजूला हो," साळू म्हणाली.

पर्वत म्हणाला, "मी सरकलो, तर ढग तुझ्याकडे येतील, दोन दिवस पडतील आणि संपतील. मग उन्हाळ्यात काय करशील? मी डोक्यावर बर्फ धरून बसतो, म्हणून वर्षभर पाणी झिरपतं. मला राहू दे. ही माझी धाकटी नदी घेऊन जा."

बघते तर दगडाआड एक बारीकशी नदी अंगाचं मुटकुळं करून पडलेली.

"हिला वाट ठाऊक नाही. तू हिच्यात टाचा बुडवून पुढे चाल, ही मागून येईल. पण थांबलीस, तर वाळू हिला पिऊन टाकेल."

पाण्यात पाय? साळू काठाकाठाने चालली. नदी जागची हलेना. तिने पदर भिजवून पुढे ओढला. तरी हलेना. मग साळू रडली. हो, रडली. रडत रडतच तिने पाण्यात पाय घातला. नदी उठली आणि तिच्या टाचेला लागली.

मग काय, साळू पुढे, नदी मागे. उतार संपला, वाळू आली. वाळू दोन्हीकडून पाणी ओढत होती, नदी बारीक होत होती, आणि साळू पळत होती. गाव दिसलं. वेशीवर सगळे जमलेले.

पण त्यांनी बघितलं काय? साळूचे पाय पाण्यात.

म्हातारी माणसं हात धरून आडवी उभी राहिली. "मागे ने," त्यांनी बजावलं. "बाटलेलं पाणी गावात नको."

साळूला थांबता येत नव्हतं. ती जागच्या जागी पाय उचलत राहिली, पण टाचेमागची नदी आता वीतभर राहिली. मग बोटभर. "अहो, माझी लेक," एवढंच ती म्हणाली.

गप्प ऐका.

तेवढ्यात गर्दीतून ठकूबाई आली, कडेवर तुळसा. पोरीची मान लोंबकळत होती. सगळ्यांना वाटलं, आता ही सुनेला शाप देणार. पण ठकूबाईने लुगडं जरा वर धरलं आणि दोन्ही पाय त्या पाण्यात ठेवले. तिथेच खाली बसली, पायाजवळचंच पाणी ओंजळीत घेतलं आणि नातीच्या तोंडाला लावलं.

मग गावाकडे बघून म्हणाली, "आता मीही बाटले. अडवा मला."

कुणी अडवलं नाही. हातातले हात सुटले. साळू मधून पळाली ती थेट विहिरीपर्यंत, आणि नदी तिच्या मागे विहिरीत उतरली. आता तिला वाट कळली होती, साळू थांबली तरी चालणार होतं. आणि तुळसाने डोळे उघडून पहिला शब्द काय म्हटला, माहितेय? "अजून."

मग त्या काठाने खजूर लागले, शेतं झाली, अलीकडची माणसं पलीकडे जायला यायला लागली. पर्वत त्याच्या जागी राहिला, नदी तिच्या, आणि सासू, सून, नात त्यांच्या घरी सुखाने राहिल्या. झालं. शरू, पाणी हवंच असेल तर आत्ता पिऊन घे, आणि मग डोळे मिट. दिवा मी मालवते.